मिश्रधातूचा नॅनोकण ऑक्सिजन खातो तेव्हा आत काय होतं? निकेल-कोबाल्टवर करून बघायची रीत

भट्टीत जाण्याआधीचा निकेल-कोबाल्टचा कण टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) स्क्रीनवर गच्च भरलेल्या काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. तोच नमुना हवेत तासभर तापवून पुन्हा लावला, की ठिपक्याच्या जागी अंगठी दिसते. कडेला काळसर वलय आणि मधे फिकट. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "सर, कण आतून जळून गेला." जळून काहीच गेलेलं नसतं. वजन केलं तर उलट वाढलेलं असतं. आतला धातू उठून बाहेर येऊन बसलेला असतो आणि तो जिथून निघाला ती जागा रिकामी पडलेली असते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात हे काम हातात आलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण निकेल-कोबाल्टचं घेतलंय, कारण ही जोडी शिकायला चांगली आणि फसवायला त्याहून चांगली. "कण ऑक्सिडाईज झाला का" एवढ्याचं उत्तर वजनकाटाही देतो. आपल्याला शोधायचंय ते वेगळं: दोघांपैकी कोण आधी निघाला, कोणत्या वाटेने गेला आणि मागे काय ठेवून गेला.

आधी थोडं डोक्यात बसवून घ्या

धातूच्या ताज्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसला की एक-दोन थरांचं ऑक्साईड लगेच तयार होतं. त्यानंतर धातू आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये भिंत उभी राहते. तरी वाढ थांबत नाही, कारण भिंत अजून इतकी पातळ असते की धातूतले इलेक्ट्रॉन तिच्यातून पलीकडे जातात, वरच्या ऑक्सिजनला ऋणभार देतात आणि भिंतीच्या दोन बाजूंमध्ये साधारण एक व्होल्टचा फरक तयार होतो. एक व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटेल. पण तो एका नॅनोमीटरवर पडलेला असतो, म्हणजे मीटरमागे शंभर कोटी व्होल्ट. ही ओढ धातूच्या आयनांना थंडीतसुद्धा बाहेर खेचते. भिंत जाड होत गेली की ओढ कमी होते आणि साध्या तापमानाला दोन-तीन नॅनोमीटरच्या आसपास काम जवळपास थांबतं. कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेलं हे चित्र आजही आपल्याला पुरतं.

दोन-तीन नॅनोमीटर ऐकून निश्चिंत होऊ नका. समजा पृष्ठभागावरून आत २ नॅनोमीटर खोलीपर्यंतचा धातू ऑक्साईडमध्ये गेला. कण १०० नॅनोमीटरचा असेल तर जेमतेम साडेअकरा टक्के धातू गेला. २० नॅनोमीटरचा असेल तर जवळपास निम्मा. १० नॅनोमीटरचा असेल तर उरलेला गाभा ६ नॅनोमीटरचा, म्हणजे ०.६ चा घन, ०.२१६. अठ्ठ्याहत्तर टक्के धातू संपला, आणि तोही भट्टी न पेटवता. म्हणून "सॅम्पल बाटलीत ठेवलं होतं, काही केलं नाही" हे वाक्य या कामात चालत नाही. बाटलीत हवा होती.

पुढची गोष्ट पोकळीची. निकेल, कोबाल्ट, तांबं, लोखंड यांच्या नेहमीच्या ऑक्साईडमध्ये धातूचे आयन भराभर बाहेर जातात, ऑक्सिजन मात्र आत यायला फार मंद. बाहेर गेलेल्या प्रत्येक अणूमागे धातूच्या कडेला एक मोकळी जागा राहते. अशा मोकळ्या जागा साठत जाऊन त्यांची पोकळी होते. याचं मूळ १९४७ सालच्या एका प्रयोगात आहे, आणि तो पितळेवर झाला होता. स्मिगेल्स्कस आणि कर्केंडॉल यांनी पितळेच्या पट्टीवर मॉलिब्डेनमच्या तारा बांधल्या, वरून तांब्याचा थर चढवला आणि ती ७८५ अंश सेल्सिअसला ५६ दिवसांपर्यंत तापवत ठेवली. तारा एकमेकींकडे सरकल्या, कारण पितळेतलं जस्त जितक्या वेगाने बाहेर जात होतं तितक्या वेगाने तांबं आत येत नव्हतं. तोवर समजूत होती की दोन अणू एकमेकांशी जागा बदलतात, हिशेब बरोबरीत सुटतो. पुढे २००४ मध्ये अलिविसाटोस यांच्या गटाने कोबाल्टच्या नॅनोकणांवर हाच असमतोल वापरून पोकळ कण केले.

आता मिश्रधातू. दोन धातूंपैकी ऑक्सिजनची ओढ कुणाला जास्त हे आधी बघतात. कोष्टकातले आकडे ऑक्साईड बनतानाच्या मुक्त ऊर्जेचे, एक मोल ऑक्सिजनमागे, साध्या तापमानाला; जितका जास्त उणे तितकी ओढ जास्त: जस्त सुमारे उणे ६४० किलोजूल, कोबाल्ट उणे ४२८, निकेल उणे ४२३, तांबं उणे २९२. सोनं या रांगेत उभंच राहत नाही. तांबं-सोन्याच्या कणाचं भविष्य त्यामुळे सरळ आहे: तांबं बाहेर येऊन ऑक्साईड होतं, सोनं आत गोळा होतं. निकेल-कोबाल्टमध्ये फरक अवघा पाच किलोजूलचा. एवढ्यावरून बघणारा म्हणेल, दोघं बरोबरीने निघतील. तसं होत नाही. ऑक्साईडमधून चालण्याचा कोबाल्टचा वेग निकेलपेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे बाहेरच्या कडेला कोबाल्ट साठतो आणि आतल्या बाजूला निकेल मागे राहतं. ओढ सारखी, पाय वेगळे. या जोडीचं मर्म इथे आहे.

पायरी १: सुरुवातीची अवस्था पक्की करा

कण कसे केले ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तापवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं वहीत हवीत. कण खरंच मिश्रधातूचे आहेत की निकेलचे वेगळे आणि कोबाल्टचे वेगळे? आणि आकार किती, किती पसरलेला?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघण्याची पद्धत, लावतात. या जोडीत तिथेच फसतात. निकेलच्या जालकाची (अणूंच्या नियमित मांडणीची) बाजू ३.५२४ अँगस्ट्रॉम, घनाकृती कोबाल्टची ३.५४४. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर निकेलचं मुख्य शिखर ४४.५ अंशाला येतं आणि कोबाल्टचं ४४.२ ला. म्हणजे शुद्ध निकेलपासून शुद्ध कोबाल्टपर्यंतचा सगळा प्रवास पाव-अर्ध्या अंशाचा. १० नॅनोमीटरच्या कणाचं शिखर नुसत्या लहानपणामुळे ०.८६ अंश रुंद असतं. एवढ्या जाड रेघेत तो फरक कुठे शोधणार? दोन वेगळ्या पावडरी खलबत्त्यात मिसळून लावल्या तरी हाच आलेख मिळेल. एकेका कणावर ईडीएस (कणातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणं) घेऊन खात्री करा, किमान तीस-चाळीस कणांवर.

तांब्याच्या नळीची आणखी एक खोड आहे. तिच्या किरणांनी कोबाल्ट आणि लोखंड स्वतःच चमकू लागतात आणि आलेखाचा तळ वर उचलला जातो. डिटेक्टरची ऊर्जामर्यादा आवळून घ्या किंवा कोबाल्टची नळी असलेलं यंत्र मिळतंय का बघा.

आकारासाठी किमान दोनशे कण मोजा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पुढे पायरी ५ मध्ये या आकड्याचा घन करायचाय, आणि व्यासातली पाच टक्के चूक तिथे पंधरा टक्के होऊन पुढ्यात येते.

पायरी २: हवेची ओळख हळूहळू करून द्या

माझी पहिली खेप अशी संपली. पावडर हायड्रोजनमध्ये तापवून स्वच्छ केली होती, नळी थंड झाली होती, घाई होती. टोपण उघडून चिनीमातीची बोट बाहेर ओढली. चार-पाच सेकंद काही नाही. मग पावडरीच्या एका कोपऱ्यात उदबत्तीच्या टोकाएवढा लाल ठिपका आला आणि तो गवताला लागलेल्या वणव्यासारखा बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला. धूर नाही, आवाज नाही. मागे राखाडी, कडक झालेली वडी उरली. १५ नॅनोमीटरचे कण एकमेकांत वितळून शेकडो नॅनोमीटरचे झाले होते. नशीब एवढंच, की ती ग्रॅमभरसुद्धा नव्हती.

ताजे, उघडे धातूचे नॅनोकण हवेत आपोआप पेटतात. म्हणून आर्गॉनमध्ये अर्धा ते एक टक्का ऑक्सिजन असलेला वायू साध्या तापमानाला तासभर किंवा जास्त वेळ सोडा, नळीजवळचं तापमान वाढत नाहीये ना ते बघत. मग ऑक्सिजनचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवा. नमुना एका वेळी थोडाच घ्या, थर पातळ पसरा. ढीग असेल तर ढिगाच्या पोटातलं तापमान भट्टीच्या काट्यापेक्षा भलतंच वर जातं आणि तुम्ही ३०० अंशांचा म्हणून लिहिलेला नमुना प्रत्यक्षात पाचशेचा असतो. जवळ कोरडी वाळू ठेवा, पाणी नको.

या सौम्य सुरुवातीने कणावर दोनेक नॅनोमीटरचं कवच चढतं. तोच तुमचा शून्य क्रमांकाचा नमुना. उघडा धातू हा शून्य नाही, तो तुम्हाला टीईएममध्ये कधी दिसणारही नाही.

कण ओलेइलअमाईनसारख्या सेंद्रिय आवरणात बनवले असतील तर तेही जळणार आहे. त्याचं वजन किती ते आधी आर्गॉनमध्ये टीजीए (तापवताना वजन मोजत राहणं) करून काढून ठेवा, नाहीतर पुढच्या पायरीत एकीकडे वजन वाढतंय, दुसरीकडे घटतंय आणि आलेख दोन्हीची बेरीज दाखवतोय असा घोळ होतो. कार्बनवर बसवलेले कण हवेत तापवूच नका. निकेल आणि कोबाल्ट दोघंही कार्बन जाळायला मदत करतात. सिलिकावर बसवा.

पायरी ३: शिडी लावा

नवखे एकच नमुना घेतात, ५०० अंशांवर चार तास ठेवतात आणि शेवटचा फोटो काढतात. शेवटच्या फोटोत पोकळ गोळा दिसतो. तो कसा झाला ते कळत नाही. सिनेमाचा शेवटचा सीन बघून कथा सांगायची, तसं.

म्हणून आधी टीजीए. हवेत मिनिटाला २ ते ५ अंशांच्या गतीने तापवा आणि वजनवाढ कुठे सुरू होते, कुठे थांबते ते बघा. निकेल-कोबाल्ट निम्मे-निम्मे असतील तर आकडे असे यायला हवेत: सगळ्याचं साधं ऑक्साईड, म्हणजे धातूमागे एक ऑक्सिजन, झालं तर मूळ धातूच्या २७.२ टक्के वाढ. निकेलचं साधं आणि कोबाल्टचं कोबाल्ट(२,३) ऑक्साईड (Co₃O₄) झालं तर ३१.७. निकेल-कोबाल्ट स्पिनेल (Co₃O₄ सारख्याच रचनेचं दोघांचं संयुक्त ऑक्साईड) आणि उरलेलं निकेल ऑक्साईड असं झालं तर ३४. हवेत, आपण वापरतो त्या तापमानांना, कोबाल्ट साध्या ऑक्साईडवर थांबत नाही. सुमारे ९०० अंशांच्या खाली त्याला Co₃O₄ हेच रूप मानवतं. तेव्हा २७ वर आलेख सपाट झाला तर "काम पूर्ण झालं" असं लिहिण्याआधी आत धातू शिल्लक नाही ना ते तपासा. २७ ही संख्या पूर्ण झालेल्या साध्या ऑक्साईडची असू शकते आणि अर्धवट राहिलेल्या स्पिनेलचीसुद्धा.

आलेख हाती आला की एक तापमान निवडा, जिथे पूर्ण व्हायला दोन-तीन तास लागतील असं. त्या तापमानाला पाच-सहा वेगवेगळ्या बोटी, वेगवेगळ्या वेळा: दोन मिनिटं, पाच, पंधरा, पाऊण तास, दोन तास, चार तास. वेळ झाली की आर्गॉन चालू करून भट्टी नळीवरून सरकवा. नळी भट्टीतच थंड होऊ दिली तर दोन मिनिटांचा नमुना वीस मिनिटांचा होतो. सुरुवातीच्या नमुन्यांकडे जास्त लक्ष द्या. खरी गोष्ट तिथे घडते.

तापमान बदलून अंतिम रूप बदलेल अशी आशा धरू नका. शुद्ध निकेलवर २०१० साली आलेल्या एका अभ्यासात ९, २६ आणि ९६ नॅनोमीटरचे कण २०० ते ५०० अंशांना एक ते चार तास तापवले होते. पूर्ण ऑक्सिडाईज झालेल्या कणाचं रूप तापमानावर नाही तर आकारावर ठरलं. तापमानाने फक्त वेग बदलला. कवच सुमारे ३ नॅनोमीटर जाड झालं की त्याच्या आतल्या बाजूला पोकळी धरली. ९ आणि २६ च्या कणांत ती एकच होती आणि कणातून आडवी सरकत वाढली. ९ चे गोळे जवळपास सर्व बाजूंनी सारखे निघाले, २६ चे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. ९६ च्या कणांत अनेक पोकळ्या, कण स्पंजासारखा. पुस्तकातल्या आकृतीत पोकळी नेहमी मधोमध काढतात. प्रत्यक्षात ती कडेला धरते.

पायरी ४: टीईएम, आणि तिथे होणाऱ्या फसवणुकी

ग्रिडपासून, म्हणजे टीईएममध्ये नमुना ज्यावर ठेवतात त्या जाळीपासून, सुरुवात करू. रोजची ग्रिड तांब्याची, वर कार्बनची पातळ चादर. तापवलेली पावडर तिच्यावर टाकायला हरकत नाही. पण ग्रिडसकट हवेत तापवायचं असेल, म्हणजे तोच कण आधी आणि नंतर बघायचा असेल, तर कार्बन जळतो आणि तांबं कणांपर्यंत पोचतं. तिथे सिलिकॉन नायट्राईडची खिडकी घ्या. महाग आहे, पण तोच कण दोनदा बघण्याला पर्याय नाही. शंभर कणांची सरासरी सांगते की पोकळ्या झाल्या. एकाच कणाचे सहा फोटो सांगतात की पोकळी डाव्या बाजूला धरली आणि उजवीकडे सरकली.

फिकट दिसलं म्हणजे पोकळी, असं समजू नका. साध्या टीईएम चित्रात स्फटिकाची दिशा बदलली तरी तोच भाग काळ्याचा फिकट होतो. एचएएडीएफमध्ये (मोठ्या कोनात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात) बघा, तिथे चमक मुख्यतः जाडी आणि अणुक्रमांकावर चालते. कणाच्या मधून चमकेची रेघ काढा. भरीव गोळ्याची रेघ घुमटासारखी असते, पोकळ गोळ्याची दोन कुबडांची. धातूचा गाभा उरलेला असेल तर मधे उंचवटा. नमुना तिरपा करून, उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत, पोकळी आपल्या जागी राहते का बघा. नुसता पृष्ठभागावरचा खड्डा असेल तर तिरपं केल्यावर तो कडेला जातो आणि बिंग फुटतं.

इलेक्ट्रॉन झोत स्वतःही पोकळ्या करतो. ऑक्साईडमधून ऑक्सिजन उडवतो, अणू हलवतो. माझ्या एका "सुंदर" चित्रातली मधाच्या पोळ्यासारखी जाळी अशीच मी स्वतः तयार केलेली निघाली. शेजारचा, न तापलेला कण त्याच झोताखाली पाच मिनिटं ठेवला आणि त्यालाही जाळी आली. तेव्हापासून नियम: नव्या नमुन्यावर पहिलं काम, एका टाकाऊ जागी झोत पाच मिनिटं रोखून आधी-नंतरचा फोटो. बदल दिसला तर करंट कमी करा.

रासायनिक नकाशात, म्हणजे ईडीएसमध्ये, निकेल-कोबाल्टची जुनी भाऊबंदकी आहे. कोबाल्टची दुसरी रेषा ७.६५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, निकेलची पहिली ७.४८ ला. अंतर १७० इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि डिटेक्टरची नजर साधारण १३० ची. कोबाल्टच्या मुख्य रेषेचा सुमारे आठवा हिस्सा निकेलच्या खिडकीत सांडतो. मग कवचात, जिथे कोबाल्ट साठलाय, तिथे निकेलही आहे असं यंत्र रंगवून दाखवतं. सॉफ्टवेअरला शिखरं वेगळी करायला सांगा, आणि शुद्ध कोबाल्टच्या नमुन्यावर "निकेल किती दिसतं" ते मोजून ठेवा. वर तांब्याची ग्रिड असेल तर तिची ८.०५ ची रेषा निकेलच्या ८.२६ च्या शेजारी येऊन बसते. मॉलिब्डेनम किंवा सोन्याची ग्रिड घ्या. लोखंड-कोबाल्टवर काम करणाऱ्यांची हीच तक्रार, फक्त तिथे लोखंडाची ७.०६ ची रेषा कोबाल्टच्या ६.९३ वर चढते. ईईएलएस (इलेक्ट्रॉनांनी गमावलेल्या ऊर्जेचा वर्णपट) मिळत असेल तर हा घोळच नाही: ऑक्सिजन ५३२, कोबाल्ट ७७९, निकेल ८५५, सगळे सुटे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात वेळ मागताना कोणती ग्रिड, कोणता डिटेक्टर हे अर्जातच स्पष्ट लिहावं. तिथे पोचल्यावर सुचून उपयोग नसतो.

पायरी ५: फोटोला हिशेबाला बसवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. धातू नाहीसा होत नाही. तेव्हा मूळ कण आणि पोकळ गोळा यांचा जमाखर्च जुळला पाहिजे.

धातूचं ऑक्साईड झालं की आकारमान फुगतं. किती पट, ते जालकाच्या बाजूंवरून काढता येतं: निकेल ते निकेल ऑक्साईड १.६७ पट, कोबाल्ट ते साधं ऑक्साईड १.७४, कोबाल्ट ते Co₃O₄ १.९८. निम्म्या-निम्म्या मिश्रधातूचं साधं ऑक्साईड १.७ धरू. सूत्र एकच:

बाहेरच्या व्यासाचा घन − पोकळीच्या व्यासाचा घन = १.७ × मूळ व्यासाचा घन

मूळ कण १० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन सगळा आत आला आणि पोकळी झालीच नाही, तर भरीव गोळा ११.९ नॅनोमीटरचा. उलट टोक: धातू सगळा बाहेर आला, तर १० ची पोकळी, बाहेरचा व्यास १३.९, कवच जेमतेम २ नॅनोमीटर. खरा कण या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. समजा बाहेरचा व्यास १२.६ मिळाला. १.२६ चा घन २.०. त्यातून १.७ वजा, उरले ०.३. घनमूळ ०.६७. म्हणजे पोकळी ६.७ नॅनोमीटरची असायला हवी. मूळ सीमा जागेवर राहिली असं धरलं, तर १.७ पैकी १.० भाग तिच्या बाहेर आणि ०.७ आत. एकोणसाठ टक्के ऑक्साईड बाहेर येऊन झालं, एक्केचाळीस टक्के आतल्या बाजूला, म्हणजे तेवढा ऑक्सिजन भेगांमधून किंवा स्फटिकांच्या सांध्यांमधून आत शिरला.

पोकळी ६.७ ऐवजी ८ ची दिसली तर? २.० वजा ०.५१, १.४९. धातूचा आठवा हिस्सा गायब. मूळ आकार चुकला असेल, किंवा धातू कवच सोडून आधाराच्या पावडरीवर पसरला असेल. पोकळी ५ ची दिसली तर १.८७, म्हणजे जास्त भरतंय. कवचात बारीक छिद्रं असतील किंवा कोबाल्ट Co₃O₄ मध्ये गेला असेल. निकेल ऑक्साईड आणि Co₃O₄ निम्मे-निम्मे धरले तर पट १.८२ येते, जवळच. अशा वेळी टीजीएचा आकडा काढून बघा. २७ आहे की ३२? दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तरच लिहा.

एका कणावर हा हिशेब करू नका. मधल्या अवस्थेतल्या कणात गाभाही असतो, तेव्हा त्याचा घन वेगळा मांडावा लागतो. पद्धत तीच.

पायरी ६: कोण किती ऑक्सिडाईज झालं

एक्सआरडी इथे पुन्हा वापरतात, म्हणून पुन्हा इशारा. २ नॅनोमीटरच्या कवचाचं शिखर चार अंशांहून जास्त रुंद असतं. निकेल ऑक्साईडचं मुख्य शिखर ४३.३ ला, धातूच्या ४४.५ च्या कुशीत. म्हणजे पायथ्याशी एक अंधुक टेकाड, बस. ६२.९ अंशांचं शिखर धातूपासून लांब आहे, तिथे बघा, आणि तिथेही काही नसलं तरी "ऑक्साईड नाही" असं लिहू नका. Co₃O₄ आणि निकेल-कोबाल्ट स्पिनेल यांच्या बाजूही ८.०८ आणि ८.११ इतक्या जवळ आहेत की नॅनोकणात त्यांना वेगळं करणं एक्सआरडीच्या आवाक्याबाहेर.

एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागातून निघणारे इलेक्ट्रॉन मोजणं) वरचे काही नॅनोमीटर बघतं. कवचात कोबाल्ट साठतोय का याला ते उत्तम: शिडीच्या प्रत्येक पायरीवर कोबाल्ट-निकेल गुणोत्तर मांडा. सुरुवातीला एकास एक, मग कोबाल्ट चढत गेला तर तो पुढे धावला. कण पूर्ण झाल्यावरही ते एकावर परत आलं नाही, तर असमतोल कवचात गोठून राहिला. या जोडीत शेवटी सगळं मिसळून एकसारखं व्हायला भरपूर तापमान लागतं, कारण निकेल चालायलाच तयार नसतं.

पण पूर्ण कणात कोबाल्ट किती टक्के ऑक्साईड झाला आणि निकेल किती, हे वेगवेगळं सांगायला क्ष-किरण शोषण लागतं. कोबाल्टची कडा (जिथून शोषण अचानक वाढतं) ७७०९ इलेक्ट्रॉनव्होल्टला, निकेलची ८३३३ ला, दोन्ही सुट्या. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) शोषण-वर्णपटाची बीमलाइन ४ ते २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची आहे, तिच्या पट्ट्यात दोन्ही आरामात बसतात. धातूची पट्टी आणि शुद्ध ऑक्साईड हे संदर्भ सोबत न्या आणि नमुन्याचा वर्णपट त्यांच्या मिश्रणाने बसवा. पंधरा मिनिटांच्या नमुन्यात कोबाल्टचा आकडा निकेलच्या पुढे असला, की तुम्ही "कोबाल्ट आधी निघाला" हे चित्राविना सिद्ध केलंत.

पायरी ७: पाठवणी, आणि परत आणणं

उत्प्रेरकावर काम करणाऱ्यांना पुढचा प्रश्न असतोच: ऑक्साईड झालेला कण हायड्रोजनमध्ये तापवला तर जुना मिश्रधातू परत मिळतो का? करून बघण्यासारखं आहे. टीजीएमध्येच हवा बंद करून आर्गॉनने नळी धुवा, मग आर्गॉनमध्ये थोडा हायड्रोजन. हवा आणि हायड्रोजन यांची गाठ पडू द्यायची नाही, त्यासाठी आर्गॉनची वेळ दुप्पट ठेवा.

कवचाचं आकारमान १.७ वरून १ वर येतं. आधीच पातळ असलेलं कवच जागोजागी फाटतं आणि एका पोकळ गोळ्याच्या जागी चार-पाच लहान कण गोळा होतात. त्यांतही बाहेरच्या कवचातून आलेल्या कणांत कोबाल्ट जास्त, आतल्यांत निकेल जास्त. म्हणून या टप्प्यावरही ईडीएस एकेका कणाचं घ्या, पूर्ण भागाचं नको, कारण पूर्ण भागाचं गुणोत्तर पहिल्या दिवशी होतं तेच, एकास एक, येणार. वजनाचा आकडाही सुरुवातीला होता तिथेच परत येईल, आणि ग्रिडवर मात्र पहिल्या दिवशीचा तो गच्च काळा ठिपका कुठेही सापडणार नाही.